मरण दारावरून परतते तेव्हा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांना मरणाची ओळख पोथीतून करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात साप आहे, हिवताप आहे, वैनगंगेचा पूर आहे. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात वाघ आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढा (माल) या गावच्या तीन स्त्रिया तेंदूपाने तोडायला जंगलात गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात तिघीही मरण पावल्या. अशी बातमी आली की आजूबाजूच्या प्रत्येक गावात "मी कालच त्या बाजूला गेली होती" असे म्हणणारी एखादी बाई असतेच. प्रस्तुत पाठात आपल्याला विचार करावयाचा आहे तो या वाचलेल्या बाईचा. मरण तिच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. आता ती पूर्वीसारखी राहील काय? आणि राहणार नसेल, तर तिचे मन कोणत्या बाजूला वळेल?

मन बदलते, यात शंका नाही. तापातून उठलेला किंवा पुराच्या पाण्यातून बाहेर काढलेला माणूस पहिले काही दिवस फार शहाणा असतो. भावाशी चाललेले बांधाचे भांडण त्याला क्षुल्लक वाटू लागते. मुलांवर तो ओरडत नाही. दारूच्या भट्टीकडची वाट त्याचे पाय आपोआप सोडतात. हे दिवस फार टिकत नाहीत, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. शहाणपण ओसरते आणि मागे भीती उरते. ही भीती मोठी कामसू असते. ती मालक शोधत हिंडते. "मी वाचलो तो कोणामुळे?" आणि "माझ्यावर हे आणले कोणी?" असे दोन प्रश्न ती विचारते. पहिल्या प्रश्नातून नवस, बोकड आणि अंगात येणे निघते. दुसऱ्या प्रश्नातून काय निघते, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना खांबाला बांधून मारण्यात आले. त्यात म्हातारी माणसे आणि स्त्रियाही होत्या. भीतीला मालक सापडला की ती कोणाच्या पाठीवर काठी होऊन पडेल हे सांगता येत नाही, आणि आजवरचा अनुभव असा की ती बहुधा आपल्याच लोकांच्या पाठीवर पडते.

म्हणून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना सांगावेसे वाटते की आपली खरी परीक्षा दीक्षेच्या मंडपात होत नाही. मंडपात सर्वांच्या अंगावर पांढरी वस्त्रे असतात, सर्व जण एका सुरात प्रतिज्ञा म्हणतात. परीक्षा होते ती घरातले माणूस ओसरीवर निजवलेले असते आणि शेजारी "अमक्याकडे न्या" असे सांगत असतात, त्या रात्री.

आता एक जुना प्रश्न घेऊ. आपल्या भिंतींवरच्या चित्रांत आणि पुष्कळ चरित्रांत असे दाखवलेले असते की राजपुत्र सिद्धार्थाने एके दिवशी रथातून जाताना म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले, मग एक संन्यासी पाहिला, आणि त्याने गृहत्याग केला. म्हणजे मरणाच्या दर्शनाने बुद्ध घडला, असा या कथेचा अर्थ होतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ही कथा तपासून पाहिली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारपण, रोग आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी म्हटले. ग्रंथात त्यांनी दुसरे कारण दिले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवले. सिद्धार्थाने विरोध केला, पंच नेमून तंटा मिटवा असे सुचवले, तो एकटा पडला, आणि युद्धाला हातभार लावण्यापेक्षा त्याने परिव्रज्या पत्करली.

रथाची कथा ऐकायला गोड आहे; चित्रकारांनाही ती सोयीची पडते. पण या दोन कथांतला फरक आपल्या भागातील माणसाला तर फार लवकर कळावा. प्रेत पाहून घाबरणे हे कोणालाही जमते. माणसे कशामुळे मरतात, कोणत्या भांडणाने, कोणत्या अभावाने मरतात, हे पाहून आपले आयुष्य कोठे लावायचे ते ठरवणे, याला धम्म म्हणावे. मेंढ्याच्या त्या स्त्रियांची बातमी वाचून "वाघ फार माजले" एवढेच आपण म्हणालो तर आपण रथातच बसून राहिलो. मे महिन्यात पहाटेच्या अंधारात बायांना जंगलात जावे लागते, कारण धानाचे एक पीक निघाल्यावर घरात दुसरी मिळकत नसते आणि पानांचे पंधरा-वीस दिवस हीच वर्षाची रोकड असते. खाली वाकून पान तोडणारी बाई आडोशातून वाघाला जनावरासारखी दिसते, असे वन्यप्राण्यांचे जाणकार सांगतात. म्हणजे मरण आंधळे नाही. जो जमिनीवर निजतो त्याला साप चावतो, आणि जो पोटासाठी वाकतो त्याच्यावर वाघ येतो. हा हिशेब देवाने किंवा देवीने घातलेला नाही.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी विहारात ऐकली आहे. श्रावस्तीची ती तरुण आई मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरते. तथागत तिला सांगतात, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरी मिळते, पण असे घर मिळत नाही. पुष्कळ व्याख्याते ही कथा "सगळेच मरतात, तेव्हा रडू नये" अशा रीतीने संपवतात. मला ती सांगण्याची ही रीत आवडत नाही. मूल गेलेल्या बाईला "सगळेच मरतात" हे कोणीही सांगू शकतो, त्यासाठी बुद्धाची गरज नव्हती. तथागतांनी तिला उत्तर दिले नाही, काम दिले. ते तिला घरोघर पाठवतात. प्रत्येक उंबरठ्यावर ती उभी राहते, मोहरी मागते, आणि त्या घरातले कोण गेले ते ऐकते. दिवस मावळेपर्यंत तिला साऱ्या गावाचे दुःख माहीत झालेले असते. आपल्यावरच कोणी डाव धरला, ही तिची समजूत त्या फिरण्यात गळून पडते. मग ती स्वतःच्या हाताने मुलाचा अंत्यविधी करते आणि भिक्खुणी होते. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत.

या कथेशी ताडून पाहावे असे एक काम गडचिरोलीतच झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणारी बाळे ही येथील घरोघरची गोष्ट होती, आणि तिला "नशीब" असे नाव होते. त्यांनी गावोगावचे मृत्यू मोजले, कारणे शोधली, आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळ गुदमरले तर काय करावे, थंड पडले तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांतील या कामाचा वृत्तान्त १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बाळांचे मृत्यू तेथे निम्म्याहून अधिक घटले होते. घरोघर जाऊन मृत्यू विचारायचे, एवढा भाग किसा गोतमीचाच आहे. पुढचा भाग विज्ञानाने जोडला.

याच डॉ. अभय बंगांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. लोकांना आरोग्य शिकवणारा डॉक्टर स्वतःच मरणाच्या दारात गेला. त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले. त्यांचा विचार आपल्या धम्मातून आलेला नाही, ते गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेले आहेत, आणि सर्वच बाबतींत त्यांच्याशी आपले जुळेल असे नाही. परंतु त्या पुस्तकातली एक गोष्ट आपण घ्यावी. बरे झाल्यावर त्यांनी हा रोग आपल्याला का झाला याचा शोध घेतला. खाणे, बसणे, धावपळ, मनातला ताण या सर्वांची झडती घेतली आणि राहणी बदलली. कारण शोधणे आणि कारण दूर करणे, हा तर चार आर्यसत्यांचा क्रम आहे. तो कोणीही चालवला तरी आपण त्याला ओळखले पाहिजे.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. त्यात तथागत दोन बाणांचा दृष्टांत देतात. शरीराला वेदना होते तो पहिला बाण. त्या वेदनेवर मनाने जे रडणे, ऊर बडवणे, चिडणे चढवले जाते तो दुसरा. अडाणी माणसाला दोन्ही लागतात, शहाण्याला एकच. यातून काही जण असा अर्थ काढतात की बौद्धाने पहिल्या बाणाकडे लक्षच देऊ नये. हा अर्थ चुकीचा आहे. पहिला बाण आधी उपटायचा असतो, आणि आमच्या भागात तो बहुधा सापाच्या रूपाने येतो.

मण्यार रात्री घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते, घोट गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबतो. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली. वास्तविक हे विष मज्जातंतूंवर काम करते. त्यावर प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास, एवढाच उपाय आहे. चावलेला भाग कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये, साप मारण्यात वेळ घालवू नये. अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी अठरा वर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने अध्यादेश काढला. कायदाही मरण पाहिल्यावरच जागा झाला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलाला श्रावणात असाच दंश झाला. कुटुंब नुकतेच धम्मात आलेले. आजीने पहाटे त्याला मांत्रिकाकडे नेण्याची तयारी केली, मांत्रिकाने बोकड सांगितला, आजीने तो कबूल केला. तेवढ्यात शेतावर निजलेला चुलता आला. त्याने कोणाचे न ऐकता पोराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालय गाठले. पोरगा वाचला. आठ दिवसांनी घरात तंटा उभा राहिला तो बोकडाचा. मुलाच्या बापाने बावीस प्रतिज्ञा पुढे केल्या. आजी मला म्हणाली, "गुर्जी, मी बोकड बोलली. बोललेलं फेडाच लागते. अन् डाक्टरलेबी तिनंच धाडलं असन." या म्हातारीला हसणे सोपे आहे. परंतु तिचा हिशेब कंजूष माणसाचा नव्हता. नातवाच्या जिवाबद्दल आपण काही तरी देणे लागतो, ही तिची भावना खरी होती. देणे कोणाचे, एवढाच पत्ता चुकला होता. मी तिला विचारले, "माय, तो बोकड प्रतिविषाच्या सुईचे देणे फेडील काय? पोराला मध्ये धरून बसला त्याचे?" ती काही बोलली नाही. तो बोकड कापला गेला नाही आणि विकलाही गेला नाही. म्हातारी कोणाला त्याच्याजवळ जाऊ देत नाही. घर बदलते ते असेच बदलते, एका रात्रीत नव्हे. मुलाच्या बापाने मात्र तिच्यावर ओरडण्यात जो वेळ घालवला, तो पोराच्या पलंगासाठी खर्चिला असता तर बरे झाले असते. पोरगा अजून जमिनीवरच निजतो.

आता परमपूज्य बाबासाहेबांकडे वळू. मरणाने त्यांचे घर किती वेळा गाठले, याचा विचार आपण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत फारसा करीत नाही. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या वेळी मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख मुळीच लपवलेले नाही; बाप जसा मोडतो तसेच ते मोडले होते. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर उभे होते. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. दुःखामुळे चळवळ झाली असे मी म्हणत नाही. चळवळीची कारणे समाजात होती. पण दुःखाने त्यांना नवसाकडे किंवा संन्यासाकडे नेले नाही, एवढे तर या तारखा बोलतात.

१९५६ साली त्यांचे शरीर थकले होते. मधुमेह जुना होता, पायांत बळ नव्हते, उभे राहायला काठीचा आणि माणसाचा आधार लागे. अशा अवस्थेत १४ ऑक्टोबरला त्यांनी नागपुरात भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. १५ ऑक्टोबरला नागपुरातच मागून आलेल्यांना दिली. आणि १६ ऑक्टोबरला ते मोटारीने चांद्याला आले. कोणत्याही डॉक्टरने अशा माणसाला घरी विश्रांती घ्यायला सांगितले असते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या चांद्याने त्यांना बोलावले होते आणि ते आले. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला; म्हणजे सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंतचे हे सगळे जंगल त्या दिवशी चांद्याच्या मैदानावर येत होते. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्यात होते. त्या संध्याकाळपासून महापरिनिर्वाणापर्यंत एक्कावन्न दिवस उरले होते. त्या एक्कावन्न दिवसांत ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन बोलले, सारनाथ आणि कुशीनगरला गेले, आणि ५ डिसेंबरच्या रात्री आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या कागदांवर काम करीत बसले. ६ डिसेंबरला ते गेले. ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला. मरण जवळ आलेल्या माणसाने काय करावे, याचा यापेक्षा स्पष्ट पाठ आपल्या जवळ दुसरा नाही.

आणि मागे राहिलेल्यांनी काय करावे, याचाही पाठ दुसऱ्याच दिवशी मिळाला. मुंबईत १६ डिसेंबरला दीक्षा-समारंभ व्हावा असे ठरत होते. बाबासाहेबच गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी त्यांच्या देहाला अग्नी देण्यापूर्वी तेथे जमलेल्या लाखाहून अधिक लोकांना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली. थोडा वेळ त्या ठिकाणी स्वतःला उभे करून पाहा. ज्याच्या आधाराने मान वर केली तो माणूस समोर निजलेला आहे. रडून कोणाचे डोळे कोरडे नाहीत. त्या दिवशी "आता आपले कोण?" असे म्हणून ती माणसे जुन्या देवांकडे परत गेली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी पंचशील घेतले. मरण दाराशी आले तेव्हा त्यांनी उलट पाऊल पुढे टाकले, तेही स्मशानात, रडत रडत.

आता घरच्या गोष्टी थोडक्यात. घरातले माणूस वाचले तर परित्राणपाठ ठेवावा काय, असे पुष्कळ उपासक विचारतात. जरूर ठेवावा, पण माणूस रुग्णालयातून परत आल्यावर. रुग्णालयात नेण्याआधी परित्राण म्हणत बसणे आणि मांत्रिकाला बसवणे यांत फरक उरत नाही. परित्राणाचा धागा मनगटावर बांधला जातो, त्यालाही ताईत करू नये. मनाला धीर येतो, एवढेच त्याचे काम. विष उतरवणे हे त्याचे काम नाही. माणूस दगावले तर सहाव्या प्रतिज्ञेप्रमाणे श्राद्ध आणि पिंडदान आपल्याला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील घ्यावे, गेलेल्याच्या नावाने एखाद्या विद्यार्थ्याची वह्या-पुस्तके करावी, आणि जेवणावळीसाठी कर्ज काढू नये. ज्या घरी म्हातारी माणसे जुन्या रीतीसाठी हट्ट धरतात, तेथे त्यांच्याशी भांडण करण्यापूर्वी त्यांना आधी कोणी तरी बसून ऐकून घ्यावे. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त मरणे पाहिली आहेत.

हा पाठ विहारात वाचून झाल्यावर उपासकांनी एक कागद घेऊन बसावे. रात्री-अपरात्री गावात गाडी कोणाची मिळेल, चालवणारा कोण, भाड्याचे पैसे विहाराच्या पेटीतून किती देता येतील, १०८ ची गाडी यायला उशीर झाला तर कोठपर्यंत तिला सामोरे जायचे, नाल्याला पाणी असेल तर कोणती वाट, प्रतिविष जवळच्या कोणत्या दवाखान्यात ठेवलेले असते, हे सर्व लिहून तो कागद बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावावा. ज्या घरांत खाट नाही त्यांची नावे निराळी लिहावी. निदान मच्छरदाणी तरी प्रत्येक घरी हवी, आणि तिची कड अंथरुणाखाली नीट खोचलेली हवी. त्याने डासही अडतो आणि मण्यारही. हे काम आषाढ पौर्णिमेपूर्वी उरकावे. त्या दिवसापासून आपला वर्षावास सुरू होतो, आणि साप घरात शिरू लागतात तेही त्याच सुमारास.